चौऱ्याऐंशी पानांची बोट

काशिराम कोळी एकोणसाठ वर्षांचा झाला तेव्हा त्याला परीक्षेला बसावं लागलं. त्याआधी एकदाच तशी वेळ आली होती, सातवीला. त्या आठवड्यात बापाच्या होडीवर एक माणूस कमी पडलं आणि काशिराम उरणच्या खाडीत जाळं ओढायला गेला. परत आला तेव्हा परीक्षा संपली होती. घरात त्याबद्दल कुणी काही बोललं नाही. मासळी बरी लागली होती.

पुढे न्हावा शेव्याचं बंदर सुरू झालं आणि गावातले निम्मे पुरुष तिकडे कामाला लागले. काशिराम लॅशिंगच्या टोळीत गेला. बोटीवर कंटेनर एकावर एक रचले की ते समुद्रात हलू नयेत म्हणून लोखंडी सळयांनी आवळून बांधायचे आणि बोट बंदराला लागली की सोडायचे, एवढंच ते काम. सळई दोन पुरुष उंच आणि वीस किलोची. ती उभी धरून वरच्या कंटेनरच्या कोपऱ्यातल्या भोकात अडकवायची. पहिल्या महिन्यात माणूस रडतो. दुसऱ्या महिन्यात रडायला दम उरत नाही. तिसऱ्या महिन्यात एक तर पळून जातो, नाहीतर टिकतो. काशिराम अठरा वर्षं टिकला. मग एका बोटीच्या शिडीवरून उतरताना उजवा गुडघा फिरला आणि ते काम सुटलं.

बोटीवर प्रत्येक कंटेनरला पत्ता असतो. लांबीत कितवा, रुंदीत कितवा, उंचीत कितवा. डेकवरचा पहिला थर ब्याऐंशीपासून मोजतात. का, ते काशिरामला कुणी सांगितलं नाही आणि त्याने विचारलं नाही. मुकादम कागद बघून आकडे वाचायच्या आत तो त्या जागी जाऊन उभा असे.

गुडघा फिरल्यावर तो रोडपालीला सिडकोच्या खोलीत राहायला आला आणि भाड्याच्या खोल्या दाखवू लागला. पुढे विकाऊ फ्लॅटही दाखवू लागला. त्याच्या लेखी बिल्डिंग म्हणजे उभी केलेली बोट होती. कुठल्या विंगच्या कुठल्या मजल्यावरची कुठली खोली रिकामी, तिथे पाणी किती वाजता चढतं, ट्रकचा आवाज कुठल्या खिडकीतून येतो, हे त्याला तोंडपाठ होतं. लिहून ठेवलेलं काही नव्हतं. बँकेत बदली होऊन पुण्याहून आलेल्या वल्लरीताईंना त्याने खोली दाखवली ती अशी:

"हॉल चांगला हाय. बेडरूमला ऊन येतं. पानी सकाळी साडेसहाला येतं, पावनेसातला जातं. मालक बोलतो चोवीस तास. मालक वाशीला ऱ्हातो."

वल्लरीताईंनी ती खोली घेतली. तीन वर्षं पाणी साडेसहाला आलं आणि पावणेसातला गेलं.

२०१७ सालच्या मे महिन्यात घरांच्या व्यवहाराचा नवा कायदा लागू झाला. एजंटला नोंदणी करून नंबर घेणं भाग पडलं. काशिरामची मुलगी रोशनी कळंबोलीला एका सायबर कॅफेत कामाला होती. तिने फॉर्म भरला, बापाचा फोटो तीनदा काढला आणि नंबर आला. कायद्यात परीक्षा नव्हती. परीक्षा काढली ती टॉवरवाल्या कंपनीने.

या कंपनीचे रोडपालीत सात टॉवर उभे राहत होते. कंपनीने नियम केला की आमचे फ्लॅट दाखवायचे तर एजंटकडे आमचं कार्ड पाहिजे, आणि कार्ड पाहिजे तर लेखी परीक्षा पास पाहिजे. पन्नास प्रश्न, पन्नास मिनिटं, तीस बरोबर आले की पास. संधी दोन. दोन्हींत नापास झाला त्याला गेटच्या आत पाऊल टाकता येणार नाही. त्या वर्षी रोडपालीत जो येई तो त्या सात टॉवरांचंच नाव काढी. वल्लरीताईसुद्धा. त्यांनी काशिरामला सांगितलं, "काका, मला टॉवरमध्ये वन बीएचके घ्यायचाय. पण तुमच्याबरोबरच बघेन. तुम्ही कार्ड काढा, मी जानेवारीअखेरपर्यंत थांबते."

म्हणजे कार्ड मिळालं तर एजंट, नाहीतर पुन्हा भाड्याच्या खोल्या. तेही गुडघा साथ देईल तोवर.

कंपनीच्या ऑफिसात शैलेश नावाचा सव्वीस वर्षांचा मुलगा होता. परीक्षा घ्यायचं काम त्याच्याकडे होतं. त्याने सगळ्या एजंटांना बसवून एकेक पुस्तिका वाटली. चौऱ्याऐंशी पानं, मराठीत, गुळगुळीत कागद.

"हे सगळं यातलंच येणार," शैलेश म्हणाला. "टेन्शन घेऊ नका. एकदा वाचलं तरी पुरे."

"साहेब, तुमी किती वेळा वाचलं?" काशिरामने विचारलं.

शैलेशने ते वाचलं नव्हतं. तो म्हणाला, "मी बनवणाऱ्यांच्या टीममध्ये होतो."

शेजारी दादू बसला होता. रोडपाली गावातलाच, चाळिशीचा, एजंटगिरी आणि केबलचा धंदा दोन्ही करणारा. त्याने पुस्तिका उघडलीच नाही. "काशिरामदादा, मी सांगतो तुमाला. येत नसंल तिथं 'क'ला गोल करायचा. देव 'क'मधी असतो."

"आनि नसला तं?"

"तं पुढच्या प्रश्नात असंल. कुटं जातो?"

काशिराम हसला नाही. न पाहिलेल्या कंटेनरवर खूण करणारा माणूस त्याच्या टोळीत एकदाच निघाला होता, आणि संध्याकाळपर्यंत टोळीत राहिला नव्हता.

त्याने अभ्यासाची पाळी लावली. सकाळी सहा ते दहा. मध्ये चहाला दहा मिनिटं, आठ वाजता. खिडकीशी स्टूल, स्टुलावर पुस्तिका, जमिनीवर काशिराम, उजवा पाय लांब केलेला. पहिल्या दिवशी चार तासांत दोन पानं झाली. त्याला ते कमी वाटलं नाही. पहिल्या दिवशी सळईही एकच लागते.

तिसऱ्या पानावर त्याला एक चूक सापडली. तिथे कार्पेट एरिया म्हणजे काय ते दिलं होतं. बाहेरच्या भिंती धरायच्या नाहीत, बाल्कनी धरायची नाही, हे बरोबर होतं. पण खोलीखोलीतल्या मधल्या भिंती धरायच्या, असं छापलं होतं. काशिरामने ते वाक्य चार वेळा वाचलं. कार्पेट म्हणजे गालिचा. भिंतीच्या पोटात गालिचा अंथरता येत नाही. ज्याने छापलं त्याने घर पाहिलेलं नसावं. त्याने पेन घेतलं, 'धरायच्या'च्या पुढे 'नाहीत' असं नीट अक्षरात लिहिलं आणि पुढे गेला.

नुसतं वाचून डोक्यात राहीना. पाचव्या दिवशी पहिलं पान पुसलं गेलं. तेव्हा त्याने ठरवलं की आपल्याला येतं तसंच करायचं. त्याने मनात एक बोट उभी केली. प्रत्येक पान म्हणजे एक कंटेनर. पहिलं पान बोटीच्या पोटात तळाला, त्यावर दुसरं, त्यावर तिसरं. एक ढीग भरला की शेजारी दुसरा. प्रत्येक पानाला तीन आकडे. पान ठेवलं की आवळून बांधायचं, म्हणजे तीनदा मोठ्याने म्हणायचं. मग पुढचं.

गंगाबाई, त्याची बायको, सकाळी पाटी भरून रोडपालीच्या नाक्यावर मासळी विकायला बसायची. निघताना तिने दारातून विचारलं, "आज किती झाला?"

"पंधरा पानं बांधली."

"सुटनार नायत ना?"

"माझी बांधलेली कवा सुटलीत?"

डिसेंबर संपला तेव्हा चौऱ्याऐंशी पानं बोटीत भरलेली होती. रोशनीने कुठल्याही पानाचा नंबर सांगावा, काशिराम डोळे मिटून आधी आकडे म्हणे, मग पान म्हणे. रोशनी म्हणाली, "बाबा, मला बारावीला एवढं येत नव्हतं." काशिराम म्हणाला, "दिसलं ते."

पहिली परीक्षा सहा जानेवारीला, शनिवारी झाली. कंपनीच्या ऑफिसात बावीस एजंट बसले. एसी चालू होता. काशिरामने इस्त्रीचा शर्ट घातला होता आणि दोन पेनं नेली होती. पहिला प्रश्न होता, करारनामा नोंदवायच्या आधी बिल्डरला किमतीच्या किती टक्क्यांपर्यंत रक्कम घेता येते. उत्तर काशिरामच्या बोटीत होतं. सतराव्या पानावर.

सतरावं पान दुसऱ्या ढिगात तळाशी होतं.

बंदरात खालचा कंटेनर काढायचा तर वरचे आधी उतरवावे लागतात. दुसरा मार्ग नाही. काशिरामने वरची पानं एकेक सोडवली, म्हणजे मनात म्हटली, बाजूला ठेवली, सतरावं काढलं, उत्तराला गोल केला: दहा टक्के. मग बाजूला ठेवलेली पानं परत चढवली. बोट उघडी टाकून पुढच्या कामाला जायचं नाही, हा टोळीचा नियम होता. मग दुसरा प्रश्न वाचला. त्याचं उत्तर पाचव्या पानावर होतं.

पन्नास मिनिटांनी घंटा झाली तेव्हा त्याच्या कपाळावर घाम होता. एसीत घाम आलेला तो एकटाच होता.

निकाल मंगळवारी लागला. शैलेशने काशिरामला आत बोलावलं आणि कागद त्याच्यासमोर ठेवला. मग उचलला, पुन्हा पाहिला.

"काका, बावीस मार्क आहेत."

"बरं."

"पण तुम्ही बावीसच प्रश्न सोडवलेत. बावीसच्या बावीस बरोबर. असं कुणाचंच नाही. बाकीचे अठ्ठावीस?"

"खाली होते."

"खाली कुठे?"

"तलाला. तिथवर पोचलो नाय."

शैलेशने मान डोलावली. त्याला काही कळलं नव्हतं. "दुसरी संधी वीस तारखेला आहे. ती शेवटची, काका."

बाहेर दादू गळ्यात निळ्या पट्टीचं कार्ड घालून उभा होता. त्याला एकतीस मार्क पडले होते. "बोललो नव्हतो? एकोनीस ठिकानी 'क' केला. सात जागी देव भेटला."

काशिराम घरी आला तेव्हा गंगाबाई दारात पाटी धूत होती. रोशनी आत भात लावत होती.

"काय झाला?"

"नापास."

गंगाबाईने पाटी पालथी घातली. "येत नव्हता?"

"येत होतं." तो पायरीवर बसला, उजवा पाय लांब केला आणि बोटीचं सगळं सांगितलं. पान एक तळाला, पान सोळा वर, पुन्हा सतरा तळाला. काढायचं, ठेवायचं, परत चढवायचं. गंगाबाईने शेवटपर्यंत ऐकलं.

"ती बोट भरली कोनी?"

"मीच भरली."

"मंग त्या मानसाला कामावरशी काढा."

आतून रोशनीचं हसू ऐकू आलं. काशिराम म्हणाला, "जड माल खाली, हलका वर. नायतर बोट कलंडते."

"समुद्रात कलंडते. डोक्यात कुटं कलंडते? मी पाटीत पापलेट तलाला ठेवलं आनि वर मांदेली रचली, तं गिऱ्हाईक माझ्या तोंडाकडं बघत उभा ऱ्हाईल काय? फळीवर समदा पसरून ठेवायचा. बोट दाखवला का उचलला."

अठरा वर्षांत त्याला कुणी मासळीच्या फळीवरून कंटेनर शिकवले नव्हते. त्याने पालथी पाटी सुलटी करून पाहिली. मग म्हणाला, "चौऱ्याऐंशी पसरायचे तं बोट लई लांब पायजे."

"गच्ची आहे ना," रोशनी आतून म्हणाली.

दुसऱ्या दिवशी सकाळी सहाला काशिराम खडू घेऊन गच्चीवर गेला. पाण्याच्या टाकीपासून कठड्यापर्यंत त्याने पावलांनी माप घेतलं. लांबीत बारा चौकोन, रुंदीत सात. बारा सत्ते चौऱ्याऐंशी. प्रत्येक चौकोनात उभं राहता येईल एवढी जागा. एकावर एक काही नाही. एका कोपऱ्यात गंगाबाईचे बोंबील वाळत होते, ते त्याने कठड्यावर सरकवले. मग पहिल्या चौकोनात उभा राहिला आणि पहिलं पान म्हणाला.

हातात दहा दिवस होते. त्यातले नऊ मांडायला, एक उचलायला, असा त्याने हिशेब केला. रोज दहा चौकोन झाले की पाळी संपली, मग अकरा वाजोत की बारा. एके दिवशी नऊच झाले तेव्हा त्याने दुसऱ्या दिवशी अकरा केले. संध्याकाळी रोशनी कामावरून आली की टाकीच्या कट्ट्यावर बसून प्रश्न वाचायची आणि काशिराम त्या चौकोनाकडे जायचा. चालत नाही, जवळजवळ धावत, उजवा पाय किंचित ओढत. चौकोनात उभं राहिल्याशिवाय उत्तर द्यायचं नाही, हा नियम त्याचा स्वतःचा होता.

"बांधकामात दोष निघाला तर बिल्डरची जबाबदारी किती वर्षं?"

धप धप धप. "पाच."

"प्रकल्पाची नोंदणी कधी लागत नाही?"

धप धप. मध्येच वळण. धप. "जागा पाचशे चौरस मीटरच्या आत. नायतर आठच्या आत फ्लॅट."

चौथ्या दिवशी सोसायटीचे सेक्रेटरी विनायक भिडे वर आले. ते मंत्रालयातून निवृत्त झाले होते आणि गच्चीच्या बरोबर खाली राहत होते. त्यांनी आखलेले चौकोन पाहिले, बोंबील पाहिले आणि काशिरामकडे पाहिलं.

"कोळी, हे काय आहे? माझ्या घरात छत हलतंय. आणि ही आखणी कुणाच्या परवानगीने?"

काशिराम लंगडत पहिल्या ओळीतल्या चौथ्या चौकोनात जाऊन उभा राहिला. "सामाईक जागा. पान चार. जिना, लिफ्ट, तळघर, गच्ची. सगळ्या सभासदांच्या वापराची. एकट्याने अडवायची नाय." मग तो म्हणाला, "तुमचं बरोबर हाय. माझं चूक."

विनायकरावांनी पस्तीस वर्षं नोकरीत माणसं पाहिली होती. एवढ्या लवकर चूक कबूल करणारा त्यांना भेटला नव्हता. "किती दिवस?" त्यांनी विचारलं.

"वीस तारखेपत्तर."

"अर्ज द्या."

काशिरामने अर्ज दिला. रोशनीने लिहिला, त्याने सही केली. विनायकरावांनी त्यावर 'मंजूर, बोंबील वगळून' असा शेरा मारला. बोंबील खाली गेले. दुसऱ्या दिवसापासून विनायकराव स्वतः कधीकधी वर येऊन प्रश्न वाचू लागले. ते प्रश्न अवघड करून वाचायचे. शेवटचे दोन दिवस गुडघा सुजला. गंगाबाईने त्यावर हळदीचा लेप लावला आणि म्हणाली, "खाली बसून म्हना आता." तो म्हणाला, "बसून येत नाय." आणि वर गेला.

वीस तारखेला हॉलमध्ये नऊ जण होते. काशिरामने पहिला प्रश्न वाचला. डोळ्यांसमोर गच्ची आली, टाकी आली, चौकोन आला. तो उचलला आणि दुसऱ्या प्रश्नाला गेला. शैलेश समोर बसला होता. त्याला टेबलाखाली काशिरामची चप्पल दिसत होती. ती पुढे सरकायची, वळायची, थांबायची, मग वर पेन चालायचं. शैलेशला वाटलं म्हाताऱ्याला लघवीला जायचंय. त्याने विचारलंही. काशिराम मान वर न करता म्हणाला, "नाय. कामात हाय."

घंटा झाली तेव्हा सेहेचाळीस प्रश्न झाले होते. चार राहिले. शेजारच्याने शेवटच्या मिनिटाला भराभर गोल केले. काशिरामने ते चार कोरे सोडले. त्या चौकोनांपर्यंत तो गेला नव्हता.

निकाल लागला. एक्केचाळीस. काशिराम पास झाला.

शैलेशने स्वतः उठून कार्ड त्याच्या हातात दिलं. निळी पट्टी, फोटो, खाली नोंदणीचा नंबर. "अभिनंदन, काका. दुसऱ्या बॅचमध्ये तुम्ही पहिले."

काशिरामने कार्ड उलटसुलट करून पाहिलं. "सेहेचाळीस सोडवले होते."

"हो."

"मंग पाच चूक."

"एक्केचाळीस बरोबर, काका. पासिंगला तीस लागतात."

"पाच कुठले?"

"ते दाखवत नाहीत. पेपर जमा होतात."

"साहेब, बोटीवर सेहेचाळीस सळया बांधल्या आनि पाच ढिल्या ऱ्हायल्या, तं कुठल्या ते सांगत नाय काय? बोट तशीच सोडतात?"

शैलेशला बोटीचं काही माहीत नव्हतं. "तुम्ही पास झालात," तो पुन्हा म्हणाला, जरा मोठ्याने, ऐकू कमी येणाऱ्याशी बोलावं तसं.

काशिरामने कार्ड शर्टाच्या खिशात ठेवलं. गळ्यात घातलं नाही. घरी त्याने ते देवाच्या फोटोशेजारच्या खिळ्याला लावलं.

गंगाबाईने त्या दिवशी पापलेट विकलं नाही, घरी आणलं. रोशनीने कार्डाचा फोटो काढून सगळ्या नातेवाइकांना पाठवला. काशिराम जेवला, हात धुतले आणि पुस्तिका घेऊन बसला.

"आता काय?" गंगाबाई म्हणाली. "पास झालाव ना?"

"पयल्यांदा बावीस केले, बावीस बरोबर. तेवा नापास. आता सेहेचाळीस केले, पाच चुकवले. ह्याला कार्ड दिलं." तो म्हणाला. "काम पयलं चांगलं होतं."

"लोकं एकतीसला नाचतात."

"नाचू दे."

गच्चीवरचे चौकोन वीस तारखेलाच पुसायचे होते. काशिरामने विनायकरावांकडे मुदत वाढवून मागितली. विनायकरावांनी कारण विचारलं. कारण ऐकून त्यांनी अर्जही मागितला नाही. तीन दिवस काशिराम रोज सकाळी सहाला वर जाऊन परीक्षेतले प्रश्न आठवून एकेका चौकोनात उभा राही आणि आपण कशाला गोल केला ते पुस्तिकेशी ताडून पाही. पहिल्या दिवशी दोन चुका सापडल्या. दुसऱ्या दिवशी एक. तिसऱ्या दिवशी एक. चार झाल्या. पाचवी सापडेना. सेहेचाळीस प्रश्न त्याने दोनदा फिरवले. पुस्तिकेप्रमाणे सगळं बरोबर होतं.

रविवारी वल्लरीताईंचा फोन आला. "काका, कार्ड मिळालं ना? मग आज टॉवर बघायचा?"

काशिरामने कार्ड खिळ्यावरून काढलं आणि खिशात ठेवलं. गेटवरच्या वॉचमनने गळ्यात घालायला सांगितलं. काशिरामने ते हातात धरून दाखवलं. वॉचमनला कार्डाशी मतलब होता.

कंपनीने नमुन्याचा एक फ्लॅट सजवून ठेवला होता. टॉवर बांधून झाल्यावर आतले फ्लॅट असेच असतील, असं दाखवायला. सोफा, पडदे, प्लॅस्टिकची फुलं. छापील कागदावर कार्पेट एरिया दिला होता, तीनशे ब्याण्णव चौरस फूट. वल्लरीताई बँकेतल्या. त्यांनी पर्समधून टेप काढली.

"मी मोजून घेते हं, काका. रागावू नका."

"मीच धरतो दुसरं टोक," काशिराम म्हणाला.

दोघांनी मोजलं. हॉल, बेडरूम, किचन, बाथरूम, पॅसेज. भिंतीपासून भिंतीपर्यंत. वल्लरीताईंनी मोबाइलवर बेरीज केली आणि त्यांचा चेहरा बदलला.

"तीनशे एकोणऐंशी. काका, हे तेरा फूट कमी आहे. तुमची ती परीक्षा, तो कायदा, मग हे काय? सरळ फसवणूकच आहे की ही."

काशिरामने पुन्हा मोजायला सांगितलं. पुन्हा तीनशे एकोणऐंशी. तो हॉल आणि बेडरूमच्या मधल्या भिंतीपाशी गेला. दाराच्या चौकटीत उभं राहून त्याने भिंतीची जाडी हाताने मापली. साडेचार इंच. मग त्याने टेप घेतली आणि आतल्या सगळ्या भिंतींची लांबी मोजली. वल्लरीताई बघत राहिल्या.

"आता ह्याचा गुनाकार करा," तो म्हणाला.

त्यांनी केला. तेरा आले. किंचित कमी.

काशिराम प्लॅस्टिकच्या फुलांशेजारी उभा राहिला. डोळ्यांसमोर गच्ची होती. पहिल्या ओळीतला तिसरा चौकोन. तिथे तो रोज उभा राहिला होता, रोज ठामपणे म्हणाला होता, आणि परीक्षेत ठामपणे गोल केला होता. पुस्तिकेशी ताडून पाहिलं तेव्हाही बरोबर निघालं होतं, कारण पुस्तिकेत 'नाहीत' त्यानेच लिहिलं होतं.

"ताई," तो म्हणाला, "कंपनी बरोबर हाय. कायद्यात मधल्या भिंती धरतात. मी चूक होतो. पाचवी ही."

"पाचवी काय?"

"काय नाय. सापडली."

वल्लरीताईंनी कागदाकडे पाहिलं, भिंतीकडे पाहिलं. "म्हणजे मी भिंतीच्या आतल्या जागेचेही पैसे द्यायचे?"

"होय."

"पण त्या जागेत मी करणार काय?"

"काय करता येनार नाय," काशिराम म्हणाला. "मी पन तेच बोललो होतो. पेनाने."

मग त्याने खिशातून कार्ड काढलं, निळी पट्टी सोडवली आणि डोक्यावरून गळ्यात घातलं. पट्टी कॉलरला अडली, ती नीट केली. वल्लरीताईंना वाटलं, आता हा काही नवं सांगणार. त्याने सांगितलं ते एवढंच: पाणी अजून आलेलं नाही, कंपनी चोवीस तास म्हणते, आपण आल्यावर बघू. पूर्वेच्या खिडकीतून हायवे ऐकू येईल, म्हणून पश्चिमेचा घ्या. मग त्याने छापील कागद मागून घेतला, तीनशे ब्याण्णवच्या खाली पेनाने एक आकडा लिहिला आणि कागद त्यांना परत दिला.

त्या दिवसापासून तो प्रत्येक गिऱ्हाइकाला दोन आकडे सांगू लागला. "कायद्याने तीनशे ब्यान्नव. पायाने तीनशे एकोनऐंशी." महिनाभराने शैलेशने त्याला ऑफिसात बोलावून विचारलं की दुसरा आकडा सांगायची गरज काय, आमच्या पुस्तिकेत तो नाहीच.

"नाय," काशिराम म्हणाला. "पुस्तिका बरोबर हाय. पान तीन. मी खाडाखोड केली होती, ती खोडली."

"मग?"

"गिऱ्हाईक पायाने चालतो, साहेब."

वल्लरीताईंनी त्या रविवारीच पश्चिमेचा फ्लॅट ठरवला होता. काशिराम त्याच संध्याकाळी ओलं फडकं घेऊन गच्चीवर गेला आणि चौकोन पुसले. चौऱ्याऐंशी. एकेक, क्रमाने, शेवटच्यापासून पहिल्यापर्यंत. तिसरा चौकोन त्याने दोनदा पुसला. खाली येऊन विनायकरावांना सांगितलं की गच्ची मोकळी केली. विनायकरावांनी अर्जाच्या फाइलवर तारीख टाकली, फाइल बंद केली आणि विचारलं, "बोंबील पुन्हा वर येणार का?"

"सामाईक जागा," काशिराम म्हणाला. "अर्ज देतो."